राऊटर चालू-बंद झाला की टॅलीच्या कॉम्प्युटरचा पत्ता बदलतो, स्टॅटिक आयपी नेमका कुठे टाकायचा?

हिशोबनीस_कराड (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी नमस्कार. कराडला आमचं छोटं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, एक नेटवर्क प्रिंटर, एक अंगठ्याचं हजेरी मशीन आणि नेटवाल्याने बसवून दिलेला राऊटर एवढाच संसार. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टॅली आणि सगळ्या पार्ट्यांचा डेटा आहे, बाकीचे पाच त्यालाच जोडलेले. ज्या मुलाने जोडून दिलं त्याने सगळीकडे १९२.१६८.०.१०३ असा आकडा टाकला होता. आता होतं काय की लाईट गेली, राऊटर बंद होऊन परत चालू झाला की हा कॉम्प्युटर कधी १०५ होतो कधी १०८ आणि बाकीच्या पाच जणांची टॅली बोंबलते. प्रिंटरचं पण तेच, समोर हिरवा दिवा लागलेला असतो आणि स्क्रीनवर ऑफलाईन. जुलैत रिटर्नच्या गर्दीत हे परवडणार नाही.

कोणीतरी म्हणालं स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्या. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो वर्षाचे वेगळे पैसे पडतील. हे खरंच विकत घ्यायचं असतं का? मला अकाउंटचं विचारा, हे नाही कळत, जरा सोप्या भाषेत सांगा.

वायरमन_मिरज (सोमवार, रात्री ९:५८)

साहेब पैसे देऊ नका. तो विकतोय तो बाहेरचा स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून तुमच्या ऑफिसात यायचा पत्ता. तुम्हाला पाहिजे तो आतला, ऑफिसच्या चार भिंतीतला, तो फुकट असतो आणि आपणच ठरवायचा असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आतल्या खासगी वापरासाठीच मोकळे सोडलेत, कोणाची परवानगी लागत नाही.

टॅलीच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल त्यात आयपीकॉन्फिग /ऑल मारा आणि काय येतं ते इथे टाका. फिजिकल अ‍ॅड्रेस सोडून बाकीचं टाका. राऊटरचं पान उघडता येत असेल तर डीएचसीपीचा पूल (राऊटर आपोआप वाटतो ते पत्ते) कुठून कुठे आहे ते पण बघा.

एकेकाळचा_सिसअ‍ॅडमिन (सोमवार, रात्री १०:२१)

ते आकडे येईपर्यंत पत्ता का बदलतो ते सांगून ठेवतो, कारण बरेच जण हे न बघता थेट आकडे ठोकायला बसतात.

राऊटर जो पत्ता देतो तो भाडेपट्ट्यावर असतो, लीजवर. ही डीएचसीपीची पद्धत १९९३ ची आणि आज चालतो तो मसुदा १९९७ चा, आरएफसी २१३१ या नंबरचा इंटरनेटच्या नियमांचा कागद. अर्धी मुदत संपली की कॉम्प्युटर स्वतःहून राऊटरला विचारतो, हाच पत्ता पुढे चालू ठेवू का. उत्तर नाही आलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर मोठ्याने विचारतो, कोणीही द्या. त्यामुळे सगळं सुरळीत चालू असेल तर महिनोन्‌महिने पत्ता तोच राहू शकतो आणि लोकांना वाटतं की तो पक्काच आहे.

घोळ होतो लाईट गेल्यावर. बरेचसे स्वस्तातले राऊटर ही लीजची यादी नुसती मेमरीत ठेवतात, वीज गेली की यादी कोरी. परत चालू झाल्यावर आधी कोण धावतं? स्टाफचे मोबाईल. ते वायफाय दिसलं की लगेच चिकटतात, तोपर्यंत तुमचा कॉम्प्युटर विंडोजचं चक्र फिरवत बसलेला असतो. तो उठून म्हणतो मला माझा १०३ द्या, तर १०३ एखाद्याच्या मोबाईलला गेलेला. मग मिळेल तो घ्या.

तेव्हा पहिला उपाय स्टॅटिक आयपी नाहीच, राऊटरला यूपीएस लावा. बारा व्होल्टचे छोटे राऊटर यूपीएस मिळतात, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर एक सॉकेट मोकळं असेल तर तेही चालेल. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राऊटर भिंतीतल्या प्लगवर हे दृश्य मी किती ऑफिसांत बघितलंय.

हिशोबनीस_कराड (मंगळवार, सकाळी १०:३५)

सिसअ‍ॅडमिन साहेब, आमच्याकडे अगदी तेच दृश्य आहे, राऊटर भिंतीतल्या प्लगवर.

वायरमन दादा, हे घ्या:
आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस १९२.१६८.०.१०८, कंसात प्रेफर्ड
सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१
डीएनएस सर्व्हर्स १९२.१६८.०.१

राऊटरचं पान उघडलं (पासवर्ड राऊटरच्या बुडाशी चिकटवलेला होता). पूल १९२.१६८.०.१०० पासून १९९ पर्यंत.

पुणेरी_पेंग्विन (मंगळवार, सकाळी ११:०२)

मग कॉम्प्युटरवर काहीही टाकू नका. राऊटरमध्येच अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाचं पान असतं, बहुतेक डीएचसीपी सर्व्हरच्याच आसपास. तिथे टॅलीच्या कॉम्प्युटरचा फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणजे मॅक (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) टाकायचा आणि पुढे लिहायचं १०३. झालं. कॉम्प्युटर आपला ऑटोमॅटिकवरच राहतो, मागतो राऊटरकडेच, फक्त राऊटर त्याला दर वेळी तोच पत्ता देतो. सगळी यादी एका जागी राहते, उद्या डीएनएस (साईटच्या नावाचा आकडा करून देणारा) बदलायचा असेल तर एका जागी बदला, सहा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायला नको.

दोन गोष्टी बघा. विंडोज मॅक दाखवताना मध्ये आडव्या रेघा टाकतं, काही राऊटरांना तिथे दोन टिंबांचे विसर्ग लागतात. आणि एकाच लॅपटॉपला वायफायचा मॅक वेगळा, केबलचा वेगळा. केबलने जोडलेल्या मशीनला वायफायचा मॅक टाकून काही होत नाही.

कॉम्प्युटरवर परस्पर १०३ टाकणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्यासारखं आहे. कंडक्टरने ती सीट आधीच दुसऱ्याला आरक्षणात दिलेली असू शकते.

वायरमन_मिरज (मंगळवार, दुपारी १:१५)

पेंग्विन भाऊ तुमचं पुस्तकात बरोबर आहे पण फिल्डवर सांगतो. नेटवाल्याचा माणूस येतो, राऊटर खराब म्हणतो, नवीन बसवून जातो. तुमची रिझर्व्हेशनची यादी जुन्या राऊटरसोबत त्याच्या पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाचा फोन मला. नाहीतर कोणीतरी टाचणी घालून रिसेट मारतो, मग तेच. म्हणून मी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, प्रिंटर, टॅली असल्या जागच्या वस्तूंना त्यांच्या आतच पत्ता टाकतो, पूलच्या बाहेरचा. साहेबांचा पूल शंभरपासून सुरू आहे ना, मग २ ते ९९ मोकळे आहेत. टॅलीला २०, प्रिंटरला २१, हजेरीला २२. राऊटर त्या आकड्यांना हातच लावत नाही मग रुमालाचा प्रश्नच येत नाही.

पुणेरी_पेंग्विन (मंगळवार, दुपारी १:३१)

आणि नवीन राऊटर १९२.१६८.१.१ वाला आला तर? तुमचं ०.२० तिथे उपाशीच बसणार, नेट पण नाही. रिझर्व्हेशनवाल्याला निदान नेट तरी मिळेल.

वायरमन_मिरज (मंगळवार, दुपारी १:४४)

नेट नाही पण टॅली चालते ना राव! सगळ्यांचे पत्ते आतच टाकले असतील तर एकमेकांना ते दिसतातच, मध्ये नुसता स्विच पुरतो. नवीन राऊटर आला की त्याचाच पत्ता ०.१ करून घ्यायचा, दोन मिनिटांचं काम.

एकेकाळचा_सिसअ‍ॅडमिन (मंगळवार, दुपारी २:१०)

दोघेही बरोबर आहात, भांडू नका. माझं मत वायरमनच्या बाजूने थोडं जास्त झुकतं, पण फक्त ज्याला दुसरे शोधत येतात अशा वस्तूंपुरतं. टॅलीचं मशीन, प्रिंटर, हजेरी. बाकीच्या पाच कॉम्प्युटरांना कोणी शोधत येत नाही, तेच शोधत जातात, त्यांना ऑटोमॅटिकवरच राहू द्या. सगळ्यांना आकडे वाटत सुटायची हौस असते लोकांना. आणि लॅपटॉपला तर अजिबात नको, तो घरी नेला की घरचं वायफाय चालत नाही आणि मग माणूस कंपनीला शिव्या देतो.

हिशोबनीस, तुमच्या राऊटरची चावी नेटवाल्याच्या हातात आहे, हे लक्षात घेता टॅलीला आतूनच २० टाका. राऊटर स्वतःच्या मालकीचा असता तर मी रिझर्व्हेशन म्हटलं असतं.

लॅबवाली_ताई (मंगळवार, दुपारी ४:२०)

मी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, विंडोजमध्ये कुठे काय टाकायचं ते लिहिते कारण वरती सगळ्यांनी का ते सांगितलं, कसं ते राहिलंच.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे आयपी असाइनमेंटच्या पुढे एडिट. ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करा, आयपीव्ही४ चालू करा. मग आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.०.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटर) १९२.१६८.०.१, प्रेफर्ड डीएनएस १९२.१६८.०.१, सेव्ह. टाईप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, आमच्याकडे मराठी टायपिंगचा वर्ग झाला की पुढच्या बॅचची यावरून बोंब असते.

विंडोज १० मध्ये याच खिडकीत मास्कच्या जागी सबनेट प्रिफिक्स लेंथ असं विचारतात. तिथे २५५ वगैरे टाकलं की कान्ट सेव्ह आयपी सेटिंग्ज म्हणून अंगावर येतं आणि काय चुकलं ते सांगत नाही. तिथे नुसते २४ लिहायचे. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, तेच ते २४.

मला स्वतःला जुनी खिडकीच बरी वाटते, ती दोन्ही विंडोजमध्ये सारखी आहे. विंडोज आणि आर, मग एनसीपीए डॉट सीपीएल, इथरनेटवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, यादीत इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ वर डबल क्लिक, यूज द फॉलोइंग आयपी अ‍ॅड्रेस. व्हर्जन ६ ची टिक काढू नका, काढायला सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, गरज नसते.

गेटवे रिकामा सोडू नका. आतलंच तर चालवायचंय, गेटवे कशाला असं वाटतं, पण गेटवे नसला की विंडोजला नेटवर्क ओळखू येत नाही, अनआयडेंटिफाइड नेटवर्क म्हणतं आणि पब्लिक समजून फायरवॉल लावून टाकतं, मग शेअर केलेला फोल्डर कोणाला दिसत नाही. पत्ता टाकून झाल्यावर नेटवर्क प्रायव्हेट आहे ना ते एकदा बघाच.

वर्हाडी_वायफाय (मंगळवार, सायंकाळी ६:०५)

भाऊ मी पण हे वाचून घरी टाकलं आताच, तर वायफायच्या चिन्हावर सगळं बरोबर दिसून राह्यलं पण एकबी साईट उघडत नाही. पिंग ८.८.८.८ मारलं (समोरून उत्तर येते का ते बघायची कमांड) तर उत्तर येते. काऊन बा असं?

लॅबवाली_ताई (मंगळवार, सायंकाळी ६:१८)

डीएनएसची जागा रिकामी सोडली असणार. ऑटोमॅटिकमध्ये राऊटर पत्त्यासोबत डीएनएसही सांगतो, मॅन्युअल केलं की ते पण आपल्यालाच भरावं लागतं. आकड्याने पिंग जातोय म्हणजे गेटवे ठीक आहे, नावाचा आकडा करून देणाराच कोणी नाही. राऊटरचाच पत्ता टाका, नाहीतर गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१.

वर्हाडी_वायफाय (मंगळवार, सायंकाळी ६:२६)

झालं ताई चालू! लय उपकार.

सांगलीची_हळद (मंगळवार, रात्री ८:५०)

एक बाळबोध प्रश्न. आकड्याच्या भानगडीत पडायचंच कशाला, टॅलीचा कॉम्प्युटर नावाने का नाही जोडत? दोन उलट्या रेघा आणि कॉम्प्युटरचं नाव. आमच्या गोडाऊनला तसंच आहे, पत्ता कितीही बदलो.

एकेकाळचा_सिसअ‍ॅडमिन (मंगळवार, रात्री ९:१२)

बाळबोध नाही, नेमका प्रश्न आहे. सगळे विंडोज आणि एकाच नेटवर्कवर असतील तर नावाने जोडणं चालतं आणि मी आधी तेच करून बघतो. टॅलीच्या लायसन्सच्या सेटिंगमध्ये पण सर्व्हरचं नाव किंवा आयपी दोन्हीपैकी काहीही चालतं, पोर्ट ९९९९. अडचण अशी की छोट्या ऑफिसात नावांची नोंद ठेवणारा कोणी नसतो, कॉम्प्युटर एकमेकांना ओरडून विचारतात तू कुठेस. मध्ये एखादा वायफाय एक्स्टेंडर असा बसवला की जो स्वतःच वेगळं नेटवर्क काढतो, तर ते ओरडणं पलीकडे पोचत नाही. आणि प्रिंटर, हजेरी मशीन यांना आकडाच लागतो. नाव वापरा पण खाली पत्ता पक्का असू द्या.

म्युनिकचा_मावळा (मंगळवार, रात्री ११:३०)

इथे जर्मनीत बहुतेकांच्या घरी फ्रिट्झबॉक्स असतो, त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१७८.१ आणि पूल २० ते २००. त्यात प्रत्येक यंत्राच्या नावापुढे एक चौकट आहे, याला नेहमी हाच पत्ता द्या, टिक केली की झालं रिझर्व्हेशन, मॅक वगैरे टायपायला नको. म्हणून इथले लोक पेंग्विनच्या पार्टीत असतात.

पण मला वेगळंच सांगायचंय. हिशोबनीस, तुम्ही कधी घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा खासगी बोगदा) ऑफिसची टॅली उघडणार असाल तर आताच विचार करा. ऑफिसात १९२.१६८.० आणि घरच्या राऊटरवर पण १९२.१६८.० असेल तर तुमचा लॅपटॉप ०.२० ला घरातच शोधत बसतो, व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. माझ्या भावाच्या नगरच्या दुकानात हेच झालं होतं. मग दुकानातला राऊटर १९२.१६८.४७.१ केला, आकडा काय, मनाला आला तो. पक्के पत्ते वाटायच्या आधी हे करणं सोपं, नंतर सगळं परत टाकत बसावं लागतं.

हिशोबनीस_कराड (बुधवार, सकाळी ९:५०)

बापरे, घरी पण ०.१ च आहे. पण आम्ही घरून एनीडेस्कने (लांबून ऑफिसच्या कॉम्प्युटरची स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर) करतो, त्याला हे लागू का?

म्युनिकचा_मावळा (बुधवार, सकाळी ११:१०)

नाही, एनीडेस्कला आतला पत्ता लागत नाही. मग राहू द्या ०.

पणजीचो_पाव (बुधवार, सकाळी ११:४०)

मग बाहेरचा स्टॅटिक आयपी घ्यायचा कधी? आमचं गेस्ट हाऊस आहे, कॅमेरे मोबाईलवर बघायचे म्हणून एकजण तो घ्यायला सांगतो.

वायरमन_मिरज (बुधवार, दुपारी १२:३०)

कॅमेऱ्यासाठी आता गरज नाही, हिकव्हिजन, दाहुआ सगळ्यांचं क्लाउड अ‍ॅप आहे, क्यूआर स्कॅन करा बघा.

एकेकाळचा_सिसअ‍ॅडमिन (बुधवार, दुपारी १:०५)

घ्यायची वेळ येते ती समोरचा तुमचा पत्ता विचारून नोंदवून घेतो तेव्हा. उदाहरणार्थ ई-इनव्हॉइसची यंत्रणा स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून थेट जोडायची असेल तर भारतातला पक्का पत्ता नोंदवावा लागतो. किंवा ऑफिसात स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर बसवायचा असेल तर.

राऊटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पानावर तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला दिसला तर समजा की नेटवाल्याने एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक गिऱ्हाईकं बसवलीत, सीजीनॅट म्हणतात त्याला, हे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढले. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचे कितीही व्हिडिओ बघितले तरी बाहेरून आत येता येत नाही. त्या वेळी मात्र पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेण्यात अर्थ आहे.

रासबेरीचा_मुरंबा (बुधवार, दुपारी ३:३०)

लिनक्सवाल्यांसाठी दोन शब्द, कोणीतरी शोधत येईलच. रासबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पक्का पत्ता टाकायला नेटवर बहुतेक जुने लेख डीएचसीपीसीडीच्या फाईलमध्ये लिहायला सांगतात. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून पाय नेटवर्कमॅनेजरवर गेलाय, ती फाईल कोणी वाचतच नाही. एनएमटीयूआय चालवा, बाणाच्या कळांनी फिरता येईल असा निळा मेनू येतो, एडिट अ कनेक्शन, आयपीव्ही४ ऑटोमॅटिकचं मॅन्युअल, पत्ता लिहिताना शेवटी /२४ जोडायचं आणि मग कनेक्शन बंद करून परत चालू करायचं.

उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅन असतो, वायएएमएल फाईल. त्यात टॅब चालत नाही, स्पेसच. आणि जुन्या उदाहरणांत गेटवे४ असं लिहिलेलं असतं ते आता बाद ठरवलंय, राऊट्स लिहून त्याखाली टू डिफॉल्ट, व्हाया राऊटरचा पत्ता असं लिहायचं. सर्व्हर लांब असेल तर नेटप्लॅन अप्लाय मारू नका, नेटप्लॅन ट्राय मारा. १२० सेकंदांत एंटर नाही दाबलं तर तो आपोआप जुन्या सेटिंगवर परत जातो. म्हणजे पत्ता चुकला तरी तुम्ही बाहेर अडकून पडत नाही.

हिशोबनीस_कराड (बुधवार, रात्री ८:१५)

चला, केलं. राऊटर यूपीएसवर घेतला. टॅलीच्या कॉम्प्युटरला ताईंच्या जुन्या खिडकीतून २० दिला, बाकी पाच जणांच्या टॅलीत २० टाकलं, मग मुद्दाम राऊटर दोनदा बंद-चालू केला, टॅली हलली नाही. पाच कॉम्प्युटर ऑटोमॅटिकवरच ठेवले.

प्रिंटरला त्याच्याच छोट्या स्क्रीनवरून २१ दिला, त्याच्या पानावर ब्राउझरमधून जाता येतं, पण कॉम्प्युटरवरून प्रिंट अजून ऑफलाईनच.

हजेरी मशीन सापडतच नाही. राऊटरच्या यादीतही नाही. त्याची केबल नीट आहे, दिवे लुकलुकतात. आत्तापर्यंत पेन ड्राईव्हने महिन्याचा डेटा काढत होतो म्हणून कधी लक्षात आलं नाही.

लॅबवाली_ताई (बुधवार, रात्री ८:४०)

प्रिंटरचं सोपं आहे. विंडोजने प्रिंटर जोडला तेव्हा जुना आकडा पोर्टमध्ये लिहून ठेवलाय. प्रिंटर प्रॉपर्टीज (नुसत्या प्रॉपर्टीज नाही, प्रिंटर प्रॉपर्टीज), पोर्ट्सचा टॅब, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, तिथे १९२.१६८.०.२१. पोर्टच्या यादीत डब्ल्यूएसडी वगैरे लिहिलेलं दिसलं तर ते सोडून हेच निवडा. दुर्दैवाने हे प्रत्येक कॉम्प्युटरवर करावं लागेल, पण आता एकदाच.

वायरमन_मिरज (बुधवार, रात्री ९:०५)

हजेरीचं मशीन वेगळ्या घरात आहे म्हणून दिसत नाही. त्यांच्यातले बरेच कारखान्यातूनच १९२.१६८.१.२०१ घेऊन येतात, स्टॅटिक, राऊटरला ते विचारतच नाहीत म्हणून यादीत नाही. तुमचं नेटवर्क ०, त्याचं १, मास्क २५५.२५५.२५५.० असला की हे दोघं एकमेकांना परके.

मशीनच्या स्क्रीनवरून अ‍ॅडमिनचा अंगठा लावून मेनूत जा, कॉम, मग इथरनेट, तिथे पत्ता ०.२२, मास्क तोच, गेटवे ०.१. सॉफ्टवेअरमध्ये पण २२ टाका, पोर्ट ४३७० असतो बहुतेक.

अ‍ॅडमिन सोडून गेलाय आणि मेनू उघडत नाही असं नेहमीचं असेल तर लॅपटॉपला तात्पुरता दुसरा पत्ता द्यायचा. ताईंच्या त्याच जुन्या खिडकीत खाली अ‍ॅडव्हान्स्ड आहे, आयपी अ‍ॅड्रेसेसमध्ये अ‍ॅड करून १९२.१६८.१.५०. पहिला पत्ता मॅन्युअल असेल तरच ते अ‍ॅडचं बटण चालतं. आता लॅपटॉप दोन्ही घरांत आहे, मशीनला पिंग करा, सॉफ्टवेअरमधूनच त्याचा पत्ता बदला, काम झालं की लॅपटॉप परत ऑटोमॅटिक.

हिशोबनीस_कराड (गुरुवार, दुपारी १२:२०)

प्रिंटर झाला, पाचही ठिकाणी. हजेरी मशीन १.२०१ वरच निघालं, दादा तुम्ही न बघता ओळखलंत. मेनूतून बदललं, आता त्याच्या स्क्रीनवर १९२.१६८.०००.०२२ दिसतं. पण मी तोच आकडा बघून पिंग १९२.१६८.०००.०२२ मारलं तर डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. सॉफ्टवेअर मात्र जोडलं जातं. हे कसं काय?

एकेकाळचा_सिसअ‍ॅडमिन (गुरुवार, दुपारी १२:४१)

पुढची शून्यं काढून मारा. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की पिंग तो अष्टमान पद्धतीत वाचतो, ०२२ म्हणजे दोन आठे सोळा अधिक दोन, अठरा. तुम्ही ०.१८ ला हाका मारत होतात, तिथे कोणी नाही. नीट बघा, पिंगच्या पहिल्या ओळीत १८ लिहिलेलं दिसेल. हजेरी मशीन तीन आकडी चौकटी भरायला शून्यं दाखवतं, लिहिताना ती घ्यायची नाहीत.

हिशोबनीस_कराड (गुरुवार, दुपारी १२:५०)

खरंच १८ लिहिलंय! शून्यं काढली, लगेच उत्तर आलं.

पुणेरी_पेंग्विन (गुरुवार, दुपारी १:१०)

आता २०, २१, २२ कोणाचे ते एका कागदावर लिहून राऊटरच्या वर चिकटवा. खाली पूल १०० ते १९९ हेही लिहा. आणि पुढच्या वेळी २३ द्यायच्या आधी नुसता पिंग करून मोकळा आहे असं समजू नका, विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही कधीकधी. पिंग मारून लगेच एआरपी -ए मारा, त्या यादीत २३ च्या पुढे मॅक दिसला तर तो आकडा कोणीतरी वापरतंय. तरी एकच पत्ता दोघांना गेलाच तर आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये प्रेफर्डच्या जागी डुप्लिकेट येतं, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच पत्ता दिसतो.

वायरमन_मिरज (गुरुवार, दुपारी १:२५)

कागद नेटवाल्याच्या माणसाला पण दाखवा, राऊटर बदलायला आला की. नवीन राऊटरचा आतला पत्ता ०.१ आणि पूल शंभरपासून एवढंच त्याच्याकडून करून घ्या, तो जायच्या आधी.